तात्यांची तीनचाकी

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला तेहतीस वर्षं शिकवलं की माणसाला एक खोड लागते. कुणाच्या घरी जेवायला गेलो तरी माझं लक्ष आधी दाराच्या चौकटीकडं जातं, ती ओळंब्यात आहे की नाही बघायला. मांडवाचा खांब तिरका दिसला तर अक्षता हातातच राहतात. बायको म्हणते, देवानं ह्यांना डोळे द्यायच्या ऐवजी गुण्या दिलाय. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं आमचं हत्यार. ही खोड मी आयुष्यभर गुण म्हणून मिरवली. पोरांना ओरडायचो, वाकडं काम करायचं असेल तर ऊस तोडायला जा, तिथं कुणी पातळी बघायला पाणसळ लावत नाही. गेल्या वर्षीपासून मी कुणाला असलं काही बोलत नाही.

इंदापूरच्या बाहेर, सोलापूर रस्त्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. विद्यार्थी म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेला, दोन मुलींची लग्नं उरकलेला गृहस्थ. त्याचा एका सकाळी फोन आला. भंगारवाल्याकडून त्यानं सामानाचा एक लॉट उचलला होता, त्यात तीन चाकांचं, इंजिन बसवलेलं काहीतरी आलं होतं आणि ते काय आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ‘सर, तुमी एकदा बघून सांगा, मग गॅसनं कापतो,’ म्हणाला. मला कुणी ‘बघून सांगा’ म्हटलं की मी अर्धा चहा टाकून निघतो.

जाऊन बघतो तर पाच-सहा जण गाडीभोवती उभे. एका ट्रक ड्रायव्हरच्या मते ती मिलिटरीची होती. दुसरा म्हणत होता, कुल्फीची. गॅरेजवाल्याला आपली आशा, की परदेशी निघाली तर कुणी हौशी माणूस घेऊन जाईल. पुढं एक चाक, मागं दोन, वर पत्र्याचा मोठा खोका, आणि सगळ्यावर हिरव्या रंगाचे थरावर थर. मी चष्मा पुसला आणि वर्गात शिकवतो तसा सुरू झालो. पुढचं चाक आणि इंजिन मोपेडचं. मागची चाकं सायकलरिक्षाची, त्यातही दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांची. आस कडबाकुट्टीच्या मशीनचा. सांगाड्याची नळी मी टिचकी मारून पाहिली, नखानं रंग खरवडला आणि सांगितलं की ही बॉयलरची नळी आहे, म्हणजे गाडी करणारा साखर कारखान्यातला माणूस. परदेश वगैरे काही नाही, इथलंच कुणाचं तरी डोकं.

मग आणखी एक गोष्ट दिसली. गाडीला पायानं दाबायचं काहीच नव्हतं. ब्रेक हातात, क्लच हातात, इंजिन चालू करायला फवारणीच्या पंपाला असते तशी ओढायची दोरी. म्हणजे चालवणाऱ्याचे पाय कामाचे नव्हते. इथपर्यंत माझं बरोबर होतं. इथंच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण लोक कौतुकानं ऐकत होते आणि माझ्या जिभेला धार आली. हँडल डावीकडं ओढलेलं, पाय ठेवायच्या दोन पट्ट्या दोन उंचीवर, खोक्याखाली वाकून पाहिलं तर बसायचा पत्रा उजवीकडं चांगला चार बोटं वर. मी म्हणालो, ‘ज्यानं हे केलं त्यानं जन्मात गुण्या हातात धरला नसणार.’ सगळे हसले. मीही हसलो.

खोका उतरवायला अर्धा तास गेला. हँडलच्या दांड्यावरचा हिरवा रंग पोपडे होऊन निघाला, खाली शेंदरी, त्याच्या खाली काळा. काळ्या रंगाखाली लोखंडात पंचनं मारलेले तीन ठिपके होते, चुलीचे तीन दगड मांडावेत तसे. हे ठिपके मी ओळखत होतो. माझ्या घरातल्या हातोडीवर आहेत, पकडीवर आहेत, आईच्या खलबत्त्याच्या बुडावर आहेत. आमचे तात्या, म्हणजे वडील, आपल्या हातच्या प्रत्येक वस्तूवर ते मारायचे. माळेगावला कारखान्याच्या फाउंड्रीत ते मोल्डर होते, वाळूचे साचे तयार करून त्यात लोखंड ओतायचे. आणि ही गाडी त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीसाठी केली होती.

मी मटकन टायरवर बसलो. गॅरेजवाल्यानं पाणी आणलं, ऊन लागलं का विचारलं. लागलं म्हणालो.

कुणी विचारेल, स्वतःच्या घरातली गाडी ओळखू आली नाही? नाही आली. आक्काला अडीच वर्षांची असताना पोलिओ झाला. उजवा पाय वाळला, पुढं कंबरही त्या बाजूला कलली. तात्यांनी गाडी केली तेव्हा मी पुण्याला अप्रेंटिस होतो. सुट्टीत यायचो तेव्हा आक्का त्या गाडीवरून, काळा भोंगा वाजवत, कालव्याच्या भरावावरून तात्यांचा डबा घेऊन जाताना दिसायची. सीटवर गादी असायची आणि गादीवर ती. मी कधी जवळ जाऊन पाहिली नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. कारखान्याच्या कॉलनीत सगळे तिच्याकडं वळून बघायचे, आणि मी पुण्याला शिकून आलेलो, शर्ट पँटमध्ये खोचलेला मनुष्य. पुढं ती कॉलनीच्या बालवाडीत शिकवायला लागली, तिथंही ह्याच गाडीवरून जायची. आई आधीच गेली होती. तात्या गेले, कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं आणि आक्का इंदापूरला माझ्याकडं राहायला आली. गाडी मी एका दूधवाल्याला देऊन टाकली. इंदापुरात केवढी वर्दळ, तू कुठं जाणार एकटी, असं तिला समजावलं होतं. ती हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. त्याला बत्तीस वर्षं झाली. ह्या बत्तीस वर्षांत तिनं गाडीचं नाव काढलं नाही.

नाव काढलं ते गाडी सापडायच्या आधीच्या दिवाळीनंतर. न्हाणीघरात पडल्यापासून ती खोलीबाहेर यायची बंद झाली होती. चाकाच्या खुर्चीतून कुणी बाहेर न्यायला निघालं की म्हणायची, मला ढकललेलं नको. एकदा मी चिडून विचारलं, मग हवंय तरी काय तुला. ती म्हणाली, ‘एकदा मला कालव्यावरनं जायचंय. एकटीनं. कुणी ढकलायचं न्हाय.’ गाडी कुणाला दिली होती ते मला आठवत होतं आणि तो दूधवाला मरूनही दहा वर्षं झाली होती.

आता सांगा, त्यानंतर दोन महिन्यांत ती गाडी माझ्यासमोर यावी. देवाधर्माच्या मी फार वाटेला जात नाही, पण त्या दिवशी गॅरेजमध्ये हात जोडले. ठरवलं, गाडी आक्काला जशीच्या तशी करून द्यायची. आणि तिला आधी काही सांगायचं नाही.

पुढचे दोन महिने मी रोज गॅरेजवर होतो. एवढा आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता. इंजिन उघडलं, पिस्टनच्या रिंगा बारामतीहून मिळवल्या, कार्ब्युरेटर तीन वेळा साफ केला. आरे काढून नवे भरले. तोच काळा रंग शोधून दिला. भोंग्याचा रबरी फुगा कुठं मिळेना, शेवटी एका पानवाल्याच्या जुन्या सायकलचा मागून आणला.

राहिली सीट. हँडल डावीकडं का ओढलेलं आहे ते मला कळलं होतं, आक्काचा डावा हात जोराचा. पण तो तिरका पत्रा आणि वरखाली पट्ट्या माझ्या डोळ्याला खुपत होत्या. ज्या माणसाला मी चारचौघांत नाव ठेवलं तो माझा बाप निघाला होता, आणि माझ्या बापाचं काम वाकडं असणं शक्य नव्हतं. तात्यांनी केलेली पाटाची फळीसुद्धा पाणसळीवर उतरायची. मग हे वाकडं कसं झालं? मीच उत्तर शोधलं. दूधवाल्यानं वर्षानुवर्षं डावीकडं जड कॅन ठेवले असणार, त्या वजनानं पत्रा त्या बाजूला बसला. पट्ट्याही त्यानंच कधीतरी ठोकून हलवल्या. तात्यांच्या कामाची दूधवाल्यानं केलेली ही नासाडी मी दुरुस्त करणार होतो. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, कापायच्या आधी एकदा वन्संना विचारा. मी म्हणालो, फिटर तू आहेस का मी?

पत्रा ग्राइंडरनं कापून काढला. नवा जाड पत्रा बसवला, दोन्ही पट्ट्या एका उंचीवर आणल्या. वर पाणसळ ठेवली. नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला. गॅरेजवाला म्हणाला, ‘सर, काम असावं तर असं.’ त्या पाणसळीचा मी मोबाइलवर फोटोसुद्धा काढला. तो अजून आहे, काढून टाकायचं धाडस झालेलं नाही.

गाडी दारात आणली त्या सकाळी मी आक्काला आधी भोंगा ऐकवला. ती खोलीत पडली होती. आतून विचारलं, कोण हाय. मी परत वाजवला. मग बायकोला हाक, की मला उठीव.

आम्ही दोघांनी धरून तिला अंगणात आणलं. तिनं गाडीला हात लावला, हँडलवर अंगठा फिरवत फिरवत बरोबर त्या तीन ठिपक्यांवर आणून ठेवला. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं मला शिव्या, की मेल्या, कुठं दडवली होतीस. माझ्या जन्मात मी तिला इतकी आनंदात पाहिली नव्हती. मी म्हणालो, बस, आज अंगणात, रविवारी कालव्यावर.

तिला उचलून सीटवर ठेवली आणि हात सोडला, तशी ती उजवीकडं कलली. मी धरलं. परत नीट बसवली, परत तेच. वाळलेल्या बाजूला खाली आधारच नव्हता. उजवा पाय पट्टीपर्यंत पोचत नव्हता, तो लोंबकळत राहिला. मी उशी आणली, घोंगडी घडी करून घातली. उशी सरकली. तिनं दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं, कारण सोडलं तर पडणार होती, आणि धरलं तर गाडी चालवणार कशी. मग तिनं एक हात सोडवून सीटच्या पत्र्यावरून फिरवला, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

‘हितला उंचवटा कुठाय?’ तिनं विचारलं.

मी सांगितलं. दूधवाला, कॅन, पाणसळ, सगळं सांगितलं.  मग तिनं मला जे सांगितलं ते मी बत्तीस वर्षांत तिला कधी विचारलं नव्हतं. गाडी करताना तात्यांनी फाउंड्रीतून साच्याची ओली वाळू आणली होती. परड्यात लाकडी चौकटीत ती भरली आणि आक्काला वाळूवर बसवलं. हातात चहाचा कप दिला आणि म्हणाले, चहा संपेस्तोवर हलू नको. ती उठली तेव्हा वाळूत तिच्या बसण्याचा साचा तयार होता, डावीकडं खोल, उजवीकडं उथळ. त्या साच्यावरनं त्यांनी पत्रा ठोकला होता. पट्ट्याही तिच्या दोन पायांच्या दोन मापांच्या होत्या.

‘तात्यांनी मला मापलं हुतं,’ आक्का म्हणाली. ‘तू गाडी मापलीस.’

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मीही दोन शब्द बोलून मोकळा झालो असतो. तिला परत खोलीत नेली. मी तसाच गॅरेजवर गेलो आणि कापलेला पत्रा शोधला. तो तीन आठवड्यांपूर्वीच भंगाराबरोबर गेला होता. भंगारवाल्याकडं गेलो, तो म्हणाला, ट्रक जालन्याला गेला, आत्तापर्यंत वितळून त्याच्या सळया झाल्या असतील. मी त्याच्या दुकानाबाहेर उभा राहून रडलो. सहासष्ट वर्षांचा माणूस, हमरस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांसमोर.

आठ दिवस मी आक्काच्या खोलीत गेलो नाही. जेवणाचं ताट बायको न्यायची. शेवटी आक्कानंच निरोप पाठवला, की वाळू मिळते का बघ म्हणावं, तोंड काय लपवतो.

बारामतीच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत. एका ठिकाणी माझा विद्यार्थी निघाला, त्यानं दोन पोती साच्याची वाळू दिली. काळी, मैद्यासारखी बारीक, मुठीत दाबली तर मुठीचा आकार धरणारी. मी चौकट केली, आक्काच्या खोलीतच पलंगाशेजारी ठेवली, वाळू भिजवून भरली. बायकोनं आणि मी तिला उचलून हलकेच वर बसवली. तिचं वजन काहीच राहिलं नव्हतं. बसल्या बसल्या म्हणाली, ‘तात्यांनी च्या पाजला हुता. तू विचारलाबी न्हाईस.’ आम्ही तिघंही हसलो. बायको चहा करून आली, आणि तो संपेपर्यंत आक्का शहाण्या पोरीसारखी बसली.

तिला उचललं आणि मी साच्याकडं पाहिलं. डावीकडं वाटीएवढा खोल, उजवीकडं नुसता हात टेकल्याएवढा, आणि मधल्या रेषेला एक वळण, पाठीचा कणा जिथं वळला होता तिथलं. हे वळण मला ठाऊक नव्हतं. माझ्या घरातल्या सगळ्या खुर्च्या सपाट होत्या. दिवाण सपाट, जेवणाचं टेबल सपाट. त्या घरात ही बाई बत्तीस वर्षं एका बाजूला कलंडत, हातावर भार देत बसली होती, आणि चौकटीचा एक सूत फरक पकडणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. मी तिला म्हणालो, आक्का, चुकलो मी. ती म्हणाली, आता सीट कर लवकर.

साच्यावरून पुठ्ठ्याचे फर्मे कापायचे, फर्म्यांवरून पत्रा ठोकायचा, चार दिवसांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा आणला. तोवर तिला धाप लागली होती. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले हृदय थकलंय, दवाखान्यात हलवू. ती म्हणाली, मी कुठं जायची न्हाय. मी साच्यावर ओलं पोतं घातलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहिलो. ह्या वाळूचं असं असतं, ओली आहे तोवर आकार धरते, वाळली की कडा ढासळतात. तिला औषध पाजायचं, मग पोत्यावर पाणी शिंपडायचं. ती बघायची आणि म्हणायची, वाळाय दिऊ नको, नीट जप. फर्मे कापायला तासभर पुरला असता. पण तो तास तिच्या उशाशी बसण्यात जावा असं वाटायचं, आणि ती बरी झाल्यावर करू असंही वाटायचं. चौथ्या दिवशी सकाळी, बायको तिची वेणी घालत असताना, ती गेली.

स्मशानातून आम्ही पुरुषमाणसं परत आलो तेव्हा दुपार झाली होती. आमच्याकडं जिथं जीव जातो तिथं पीठ पसरतात, त्यावर पाटी, म्हणजे टोपली, झाकतात, शेजारी दिवा लावतात. दुसऱ्या सकाळी पाटी उचलून बघायचं, कशाचा ठसा उमटलाय. ज्याचा ठसा, त्या जन्माला ते माणूस गेलं. माळेगावहून आलेली माझी चुलती हे सगळं बघत होती. ऐंशीच्या पुढची, आक्कावर जीव टाकणारी. मी खोलीच्या दारात आलो. पलंगाशेजारी माझ्या चौकटीवर पाटी पालथी घातली होती आणि बाजूला दिवा होता. ओलं पोतं घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं होतं.

मी काही विचारायच्या आधीच चुलती बोलली. ‘पिठाला मुंग्या लागत्यात. ही वाळू किती बारीक हाय बघ. जरा खड्डं पडलं हुतं, हातानं सारखी केली मी.’

माझ्या पाठीमागं बायकोच्या तोंडून कसलासा आवाज आला. मी तिचा हात धरला. ओरडायला माझ्याकडं तोंड नव्हतं. जे ह्या म्हातारीनं मायेनं केलं, तेच मी तिच्या आधी केलं होतं, आणि माझ्या हातात तर पाणसळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका जमल्या. पाटी उचलली. चुलतीला डोळ्यांनी कमी दिसतं, तिनं मला पुढं बोलावलं आणि म्हणाली, ‘तू बघ. काय उमटलंय का?’

मी गुडघे टेकून वाकलो. बराच वेळ बघत राहिलो. मग म्हणालो, ‘व्हय काकी. पाखराचं पाऊल हाय.’ तिनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, चला, उडाली पोरगी, आता तिला पाय नकोत. बायका डोळे पुसत बाहेर गेल्या. मी तसाच बसून राहिलो. वाळूवर काहीही नव्हतं. चुलतीनं ती इतकी सारखी केली होती, की वर पाणसळ ठेवली असती तर बुडबुडा बरोबर मधोमध आला असता.